अमेरिकेची यादवी आणि आपला कापूस

लढाईचा इतिहास सांगणारे बहुधा जेथें लढाई झाली तेथूनच तिची हकीकत सांगूं लागतात. सेना किती होती, तोफा किती होत्या, कोण पडला, कोण पळाला, तह कोठें झाला, इतकें सांगून झालें कीं त्यांचें पुस्तक मिटतें. परंतु कित्येक लढायांचा हिशेब रणांगणापासून फार दूर, ज्यांनीं त्यांतल्या एकाही सेनापतीचें नांव ऐकलेलें नाहीं अशा लोकांच्या चोपड्यांत लिहिलेला असतो. आज श्रोत्यांपुढें अशाच एका लढाईचा हिशेब मी मांडणार आहें. लढाई अमेरिकेंतली, चोपड्या मुंबईच्या पेढ्यांवरच्या आणि भीमथडींतल्या वाण्यांच्या.

१८६१ च्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस अमेरिकेंतील चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशीं असलेल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेकडील संस्थानांनीं तोफा डागल्या आणि चार वर्षांच्या यादवीस तोंड लागलें. वाद मुळांत गुलामगिरीचा होता. दक्षिणेंत त्या वेळीं सुमारें ४० लाख गुलाम होते, आणि त्यांच्या श्रमांवर उभें राहणारें मुख्य पीक होतें कापसाचें. १८६० सालीं ब्रिटनमध्यें बाहेरून एकंदर सुमारें १३९ कोटि पौंड वजनाचा कापूस आला. त्यांतला सुमारें १११ कोटि पौंड एकट्या अमेरिकेचा होता. म्हणजे लँकेशायर परगण्यांतील गिरण्यांच्या चात्या पांचांतल्या चार हिश्शांनीं गुलामांच्या हातच्या कापसावर फिरत होत्या. दक्षिणेच्या पुढाऱ्यांस याचा एवढा भरंवसा कीं, आपण कापूस अडवून धरला तर इंग्लंड धांवत आपल्या साहाय्यास येईल असें ते उघड बोलत. आरंभीं त्यांनीं आपण होऊनच माल रोखला, आणि पुढें उत्तरेच्या आरमारानें सगळ्या किनाऱ्याची नाकेबंदी केली. इंग्लंड कांहीं धांवून आलें नाहीं. पण अमेरिकेहून ब्रिटनला पोंचणारा कापूस मात्र १८६२ सालीं दोन कोटि पौंडांच्याही आंत आला. ज्या वाटेनें वर्षांपूर्वीं नदी वाहत होती तेथें आतां पाझरही धड राहिला नाहीं.

लँकेशायरमध्यें पहिले कांहीं महिने ही चणचण फारशी जाणवली नाहीं, कारण आधींच्या दोन सालांत कापड इतकें विणून ठेवलें होतें कीं गुदामांत जागा नव्हती. परंतु १८६२ चा हिवाळा आला तेव्हां सुमारें ५ लाख माणसें धर्मादायावर आणि गरिबांच्या फंडावर जगत होतीं. असें असतांही त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं, ३१ डिसेंबरला, मँचेस्टरमध्यें मजुरांची मोठी सभा भरली आणि तिनें गुलामांच्या मुक्ततेबद्दल लिंकनच्या पक्षास पाठिंबा देणारें पत्र त्यास पाठविलें. लिंकननें पुढच्या जानेवारींत त्याचें उत्तरही लिहिलें. सगळ्याच मजुरांचें मत असें होतें असें नव्हे. उपाशी माणसांत मतभेद असणारच. तरी ज्या लढाईनें आपली चूल विझविली तिच्याविषयीं कांहीं हजार माणसांनीं असें बोलावें, ही गोष्ट मला त्या सबंध युद्धांतल्या कोणत्याही विजयापेक्षां मोठी वाटते.

मुंबईस हें औदार्य दाखविण्याचा प्रसंगच आला नाहीं. खरें सांगावयाचें तर लढाई लांबावी अशीच मुंबईच्या व्यापाऱ्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनीं फारशी लपविलीही नाहीं.

अमेरिकेचा माल थांबल्याबरोबर मँचेस्टरची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वळली असें म्हणण्यापेक्षां नाइलाजानें वळली असें म्हणावें, कारण आपल्या कापसास तेथें मुळींच मान नव्हता. त्याचा धागा आंखूड. अमेरिकन कापसासाठीं बसविलेल्या यंत्रांवर तो तुटे आणि कांतणाऱ्याची मजुरी बुडे. शिवाय त्यांत सरकी, पाला, धूळ, प्रसंगीं दगड आणि पाणीसुद्धां मिसळलेलें असे. मुंबईहून जाणाऱ्या बहुतेक मालास तिकडे ‘सुरत’ हें एकच नांव पडलें होतें, मग तो वऱ्हाडचा असो कीं खानदेशचा. हें नांव इतकें बदनाम झालें कीं, आपणांस ‘सुरती’ दारू गाळणारा म्हटलें म्हणून एका इंग्रज कलालानें बेअब्रूची फिर्याद लावली. देवा, कापूस पाठीव पण सुरत नको, अशी प्रार्थना देवळांत एका मजुराच्या तोंडून निघाल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लँकेशायरच्या मनांतलें तीवरून कळतें. भेसळ बंद व्हावी म्हणून मुंबई सरकारनें १८६३ सालीं कापसांतील लबाडीबद्दल खास कायदा केला. या भेसळीचें खापर शेतकऱ्याच्या डोक्यावर फोडणें सोपें होतें व तें फोडलेंही गेलें. परंतु शेतांतून बंदरापर्यंत कापसाला जितके हात लागत त्यांतला पहिला हात तेवढा शेतकऱ्याचा असे, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

नको नको म्हणत इंग्लंडनें तो कापूस घेतला. १८६२ सालीं ब्रिटनला मिळालेल्या कापसापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश हिंदुस्थानचा होता. भावांचें काय झालें तें दोन आंकड्यांवरून ध्यानांत येईल. लिव्हरपूलच्या बाजारांत मध्यम प्रतीचा अमेरिकन कापूस लढाईपूर्वीं पौंडास सहा-सात पेन्स होता, तो १८६४ च्या उन्हाळ्यांत ३० पेन्सांच्या आसपास गेला. आणि आपला हिणवलेला सुरतदेखील २० पेन्सांच्या घरांत जाऊन बसला. हिंदुस्थानांतून बाहेर गेलेल्या कापसाची किंमत १८५९-६० सालीं सुमारें साडेपांच कोटि रुपये होती. १८६४-६५ सालीं ती साडेसदतीस कोटि झाली. यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, मालाचें वजन या मुदतींत दुपटीच्या आंतच वाढलें होतें. जमिनीनें जेवढें जास्त दिलें त्याहून कितीतरी जास्त लढाईनें दिलें.

अशा बाजारांत बातमी हाच खरा माल असतो. १८६५ पर्यंत युरोपाशीं तारेनें बोलण्याची सोय नव्हती. लिव्हरपूलचे भाव टपालाच्या आगबोटीनें येत. सुरतेकडून आलेला प्रेमचंद रायचंद हा तरुण दलाल त्या काळच्या कापूसबाजाराचा जणूं राजा झाला होता. त्याच्याविषयीं असें सांगतात कीं, टपालाची बोट बंदरास लागण्यापूर्वींच तो आपलें मचवें तिच्याकडे धाडून पत्रें हस्तगत करी आणि इतरांना भाव कळण्याच्या आंत आपली खरेदी आटोपी. लोकांनीं घरांतल्या गाद्या-उशा उसवून आंतला कापूस बाजारांत आणल्याच्या गोष्टीही त्या वेळच्याच. पुष्कळ वर्षें पाठीखालीं दडपलेला कापूस नव्या मालांत मिसळून लँकेशायरच्या यंत्रावर चढला असेल तेव्हां तेथल्या मजुरानें काय म्हटलें असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी!

आतां घाटावर जाऊं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यांत होतें. तेथला कापूस पूर्वीं लमाणांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापुराकडे जाई किंवा गाड्यांतून महिनोगणती वाट कापीत मुंबईस येई. लढाईच्या काळांत आगगाडी नुकती कोठें घाट चढत होती. बोरघाटाचा रस्ता १८६३ सालीं आणि थळघाटाचा १८६५ सालीं खुला झाला. नागपुरापर्यंत गाडी पोंचली १८६७ त, म्हणजे तेजी ओसरल्यावर. एकट्या बोरघाटाच्या कामावर एके काळीं ४२ हजार मजूर होते. धारवाडचा कापूस कारवारच्या बंदरानें न्यावा असा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचा आग्रह होता; उत्तर कानडा जिल्हा १८६२ सालीं मद्रास इलाख्यांतून काढून मुंबई इलाख्यास जोडला गेला, त्याच्या मागें हा कापूसच होता. अमेरिकेंतल्या एका किनाऱ्याची नाकेबंदी व्हावी आणि इकडे एका जिल्ह्याचा इलाखा बदलावा, असा हा संबंध आहे.

कापूस पिकविणाऱ्यांच्या हातीं कधीं नव्हे तो पैसा खुळखुळला. त्या पैशाचें काय करावें हें न कळून कोणीं नांगरास चांदीचे फाळ केले, कोणीं गाडीच्या चाकांस चांदीच्या धांवा बसविल्या, असें त्या वेळच्या इंग्रज अंमलदारांनीं लिहून ठेवलें आहे. ही हकीकत पुढें प्रत्येक पुस्तकांत उतरली आणि शेतकरी उधळ्या असतो या सिद्धांतास ती पुरावा म्हणून वापरली गेली. मला त्यांत उधळेपणापेक्षां दुसरेंच कांहीं दिसतें. ज्याच्या गांवीं पेढी नाहीं व सरकारी रोखे काय असतात हें ज्याला कोणीं सांगितलें नाहीं, त्यानें चांदी घेऊन ठेवली तर ती त्याची ठेव होती. वेळ येतांच ती मोडतां येत होती. मुंबईंत त्याच सुमारास सुशिक्षित मंडळी जे कागद विकत घेत होती ते मोडूनही हातीं कांहीं येणार नव्हतें.

सर्वांचेंच भलें झालें असें मात्र नाहीं. सूत महाग झालें, तेव्हां कोष्ट्या-साळ्यांच्या मागावर संक्रांत आली. अगोदरच विलायती कापडानें खचलेल्या या धंद्यांतील पुष्कळांनीं माग सोडून मजुरी धरली. जेथें कापूस पेरला तेथें ज्वारी राहिली नाहीं, म्हणून धान्य महागलें. मजुरी वाढली खरी, पण तिच्या पुढें धान्य धांवत होतें. ठराविक पगारावर जगणाऱ्या कारकुनांच्या आणि शाळामास्तरांच्या घरीं या तेजीचा अर्थ एवढाच झाला कीं, महिन्याचा शिधा वीस दिवसांत संपूं लागला.

पैशाचा मुख्य लोट येऊन पडला मुंबईंत. नेहमींच्या रास्त भावापेक्षां जास्त म्हणून या पांच वर्षांत मुंबईच्या पदरीं ८ कोटि १० लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें ८१ कोटि रुपये पडले, असा अंदाज पुढें गॅझेटियरकारांनीं दिला आहे. एवढा पैसा चार भिंतींत मावेना. १८६४ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८ लाख १६ हजारांवर गेलेली आढळली. १८५० नंतर जेथें अर्धा डझन शेअर-दलाल होते तेथें दोन-अडीचशें झाले. १८६५ च्या जानेवारींत मुंबईंत ३१ बँका, १६ पैसे फिरविणाऱ्या मंडळ्या, ८ जमिनीच्या कंपन्या, १६ गठ्ठे दाबण्याच्या, १० आगबोटींच्या आणि २० विम्याच्या कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वीं यांतलें जवळजवळ कांहींच नव्हतें. यांतल्या कित्येक कंपन्यांचें सगळें काम म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर तारण ठेवून त्यांच्यावर आणखी शेअर घेण्यास कर्ज देणें हेंच होतें.

या सर्वांत मोठा खेळ झाला तो समुद्र हटविण्याच्या कंपन्यांचा. बेटाला जमीन अपुरी पडते हें खरेंच होतें, आणि कल्पना म्हणूनही ती वाईट नव्हती. बॅकबे भरून काढणाऱ्या कंपनीचा ५ हजार रुपयांचा शेअर ५० हजारांच्या घरांत गेला. जमीन अजून पाण्याखालीं होती, आणि तिचा भाव आकाशांत. मुंबई बँकेसारखी १८४० पासून चाललेली, सरकारचे डायरेक्टर असलेली संस्थाही या वाऱ्यांत सांपडली. १८६३ सालीं तिचा कायदा बदलून शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक झाली, आणि प्रेमचंदाच्या शब्दावर तिच्या तिजोऱ्या उघडूं लागल्या. तिचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० पर्यंत चढला. वकील, डॉक्टर, सरकारी नोकर, कोणीही बाजूला राहिला नाहीं. दक्षिणेंतल्या शिलालेखांचें वाचन करून ज्यांनीं पंडितांत मान मिळविला ते डॉक्टर भाऊ दाजीदेखील या सट्ट्यांत शिरले आणि आपली मिळकत घालवून बसले. इतक्या विचारी माणसास जें आवरलें नाहीं तें इतरांनीं आवरावयास हवें होतें, असें आज घरीं बसून म्हणणें फार सोपें आहे.

१८६५ च्या आरंभीं युरोप आणि हिंदुस्थान यांच्यामध्यें तार सुरूं झाली. ९ एप्रिल रोजीं अॅपोमॅटॉक्स येथें जनरल ली यानें शस्त्र खालीं ठेविलें. सहा लाखांहून अधिक माणसें त्या लढाईंत मेलीं होतीं. ती संपल्याची बातमी जगांत सर्वत्र आनंदानें ऐकली गेली असेल अशी आपली समजूत असते. मुंबईच्या बाजारांत त्या बातमीनें प्रेतकळा आली. कापसाचा भाव कोसळला, कापसावर उभे असलेले शेअर कोसळले, आणि शेअरांवर उभीं असलेलीं कर्जें उघडीं पडलीं. पुष्कळसे सौदे वायद्याचे होते व त्यांची मुदत १ जुलै ही होती. त्या दिवशीं कोणीच कोणाचें देणें देऊं शकेना. दिवाळीं इतकीं निघालीं कीं त्यांच्या निकालासाठीं सरकारला त्याच वर्षीं वेगळा कायदा करावा लागला. मुंबई बँकेचा शेअर ८७ रुपयांना मिळूं लागला. २ कोटि ९ लाखांच्या भांडवलांतील बहुतेक सगळें गेलें आणि १८६८ सालीं बँक गुंडाळली गेली. तिच्या कारभाराची चौकशी झाली, दोष कोणाकोणाचा हेंही ठरलें. शहर रिकामें होऊं लागलें. १८७२ च्या खानेसुमारींत वस्ती ६ लाख ४४ हजारांवर उतरली.

मुंबईविषयीं एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. तिचे धनी बुडाले, पण तिच्या हातीं कांहीं राहून गेलें. तेजीच्या भरांत सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतांना किल्ल्याचा जुना कोट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेंत पुढच्या पंधरा वर्षांत सेक्रेटरिएट, विद्यापीठ, हायकोर्ट हीं एका ओळींत उभीं राहिलीं. कावसजी जहांगीर यांनीं विद्यापीठाच्या सभागृहासाठीं एक लाख रुपये दिले. प्रेमचंदानें ग्रंथालयास दोन लाख व आईच्या नांवानें मनोऱ्यास दोन लाख दिले ते १८६४ सालीं, म्हणजे पैसा हातांत होता तेव्हां. मनोरा पुरा झाला १८७८ त. दात्याची दौलत मध्यंतरीं वाहून गेली, राजाबाईचें नांव दगडांत राहिलें. समुद्र हटविणाऱ्या कंपन्या बुडाल्या तरी त्यांनीं भरून काढलेल्या पट्टीवरून पुढें कुलाब्याकडे आगगाडी गेली. एल्फिन्स्टन कंपनीचे धक्के सरकारनें १८७० त विकत घेतले आणि १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. भाव पडलेला कापूस स्वस्त मिळूं लागल्यामुळें पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गिरण्यांचीं धुरांडीं वाढत गेलीं. शहराला दिवाळें पचवितां येतें. ज्याच्यापाशीं दगड, धक्का आणि बंदर आहे त्याचें नुकसान कोठेंतरी भरून निघतें.

खेड्यांत तें कसें भरून निघणार? दुसरी चोपडी आतां उघडावयाची ती भीमथडीची.

पुणें आणि नगर या जिल्ह्यांत कापूस थोडाच पिके. तेथलें पीक म्हणजे बाजरी आणि ज्वारी. म्हणून पुढच्या कांहीं इतिहासकारांनीं अशी शंका काढली आहे कीं, १८७५ च्या दंग्यांचा अमेरिकेच्या लढाईशीं संबंध जोडणें ही ओढाताण आहे. शंका वाजवी आहे, पण तिचें उत्तर कापसाच्या शेतांत शोधतां कामा नये. तें पतींत आहे. तेजीच्या काळांत धान्य महाग होतें, घाटांतल्या रेल्वेच्या कामावर मजुरी होती, गाडीवानांना भाडें होतें, आणि मुंबईकडून आलेला पैसा गांवोगांवच्या सावकारांपर्यंत झिरपला होता. ज्या कुणब्याला पूर्वीं पन्नास रुपये उसने मिळण्याची मारामार, त्याच्या दारीं वाणी स्वतः येऊन दोनशें देऊं लागला. जमीन विकतां येण्याजोगी मालमत्ता झालेली होती व तिचा भाव वाढत होता, म्हणून तारण चोख होतें. कर्ज होऊं दिलें तें दोघांनींही; भाव असेच राहणार हा भरंवसाही दोघांचा होता.

नेमक्या याच वेळीं दोन सरकारी गोष्टी येऊन मिळाल्या. पहिली मुदतीच्या कायद्याची. १८५९ च्या या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावरची फिर्याद तीन वर्षांच्या आंत लावली पाहिजे असें ठरविलें. हेतु कुळाचें रक्षण करण्याचा होता. परिणाम असा झाला कीं, दर तीन वर्षांनीं सावकार व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेऊं लागला, आणि लिहितां-वाचतां न येणारा कुणबी प्रत्येक वेळीं मोठ्या रकमेवर नांगराची निशाणी करूं लागला. दुसरी गोष्ट जमाबंदीची. इंदापूर तालुक्यांत १८३६ सालीं बसलेली तीस वर्षांची पैमाष संपून १८६७ त नवा सारा बसला. मागोमाग भीमथडी वगैरे तालुक्यांचा नंबर लागला. नवे आकार ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें भाव होते ते तेजीच्या वर्षांचे. आकार कित्येक ठिकाणीं निम्म्यानें किंवा त्याहूनही अधिक वाढले. लढाई संपून दोन वर्षें झालीं होतीं, पण तिच्या वेळचा भाव पुढच्या तीस वर्षांसाठीं साऱ्याच्या कागदांत उतरून बसला.

मग भाव पडले, १८७१-७२ त पावसानें दगा दिला, घाटांतलें काम केव्हांच संपलें होतें. सावकारालाही वरून चिमटा बसला तेव्हां त्यानें हात आंखडला. सारा भरण्यापुरतेंही पैसे तो देईना, उलट जुन्या खतांवर हुकूमनामे करून जमिनी आपल्या नांवें लावूं लागला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या हालअपेष्टांची चौकशी करून सरकारपुढें मांडली. सरकारनें १८७४ सालीं साऱ्याच्या वाढीस मर्यादा घातली, परंतु ती बातमी खेड्यांत पोंचून तिचा कांहीं उपयोग होण्याच्या आंत पुढचें वर्ष उजाडलें.

१८७५ च्या मे महिन्याची १२ तारीख हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. भीमथडी तालुक्यांतल्या या गांवीं आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली. दुकानें लुटलीं गेलीं हें खरें; पण त्यांना मुख्यतः हवे होते कागद. खतें, हुकूमनामे, चोपड्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यांत आली. ज्या सावकारानें कागद मुकाट्यानें दिले त्याच्या केसास बहुधा धक्का लागला नाहीं, आणि इतक्या मोठ्या दंग्यांत मनुष्यवध झाल्याचें आढळत नाहीं. लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांतील तीसांवर गांवांत पसरलें. घोडेस्वार आणि पलटणी आल्या. ९५१ माणसें पकडलीं गेलीं. त्या होळीकडे पाहणाऱ्यांतील एकालाही चार्ल्स्टन हें नांव सांगतां आलें नसतें. पण जळत असलेल्या खतांतल्या कित्येकांची मूळ रक्कम जेव्हां हातीं पडली तेव्हां त्या बंदराच्या तोंडाशीं नाकेबंदीचीं जहाजें उभीं होतीं.

सरकारनें चौकशी मंडळ नेमलें. दोष आपल्या साऱ्याचा नसून सावकारीचा व लोकांच्या कर्जबाजारीपणाचा आहे, असा त्या मंडळाचा एकंदर कल दिसतो. त्यांतल्याच एका सभासदानें मात्र जमाबंदीवर स्वतंत्र टीका लिहिली. लढाईनें भाव वाढले आणि लढाई संपतांच ते पडले, ही हकीकत त्या मंडळानें मोठ्या तपशिलानें दिली आहे. ती खोटी नाहीं. फक्त तिचा एक फायदा सरकारला असा कीं, अमेरिकेवर कोणीं फिर्याद लावूं शकत नाहीं.

ही कथा आपल्याच देशाची नव्हे. ईजिप्तमध्यें याच वर्षांत कापसाचें तसेंच सोनें झालें. त्या भरंवशावर खेदिव इस्मायलनें युरोपांत कर्जें काढलीं, भाव उतरले तरी कर्जें चढत राहिलीं. १८७५ त त्यानें सुएझ कालव्याचे आपले शेअर इंग्लंडला विकले, १८७६ त देणीं थांबविलीं आणि १८८२ त इंग्रजांची फौज ईजिप्तांत उतरली. खुद्द अमेरिकेंत दक्षिणेचे मुक्त झालेले गुलाम बटाईनें कापूस करूं लागले आणि दुकानदाराच्या उधारींत पिढ्यान् पिढ्या अडकले. त्यांच्या चोपड्या वाचून पाहिल्या तर सुप्याची आठवण होते.

१८७५ हेंच साल मुंबईच्या शेअर-दलालांच्याही इतिहासांत महत्त्वाचें आहे. दिवाळ्यांनंतर जे हांकलले गेले, रस्त्याच्या कडेला उभे राहून जे सौदे करीत होते, त्यांनीं त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत आपली रीतसर संस्था स्थापन केली. आजचा मुंबईचा शेअरबाजार तो हाच. सुप्याच्या होळीला तेव्हां दोन महिने होत आले होते.

कुणब्यांसाठीं कायदा झाला तो १८७९ सालीं, ‘दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा’ म्हणून. न्यायाधीशानें नुसतें खत पाहून हुकूमनामा देऊं नये, देवघेवीचा मूळ हिशेब तपासावा, व्याज अवाच्या सवा असेल तर कमी करावें, कर्जासाठीं कुणब्यास तुरुंगांत टाकूं नये, अशीं कलमें त्यांत होतीं. हिशेब खरोखरच तपासले जाऊं लागले. सावकारांनीं मग गहाणखत लिहून घेण्याचें कमी केलें. ते पैसे देतांना जमिनीचें खरेदीखतच करून मागूं लागले, आणि कर्ज फिटल्यावर जमीन परत देऊं असें तोंडी वचन देऊं लागले.